गाफ आणि गुवैफ

शमीच्या झाडाला आखातातले अरब 'गाफ' म्हणतात. आणि आपल्याकडे जिला वेडी बाभूळ म्हणतात तिला त्यांनी नाव ठेवलंय 'गुवैफ'. अरबीत शब्दाचं लघुरूप करायची एक ठरलेली रीत आहे. कुत्रा म्हणजे 'कल्ब', तर छोटा कुत्रा 'कुलैब'. त्याच चालीवर गाफचा गुवैफ. आपल्या भाषेत सांगायचं तर 'चिमुकली शमी'. मला हे नाव ऐकल्यापासून आवडलंय. आपण तिला वेडी म्हटलं, गुजरात्यांनी 'गांडो बावळ' म्हणजे तेच म्हटलं, तमिळांनी 'सीमै करुवेलम्' म्हणजे परदेशी बाभूळ म्हणून दारातच उभं केलं. अरबांनी मात्र तिला घरच्या झाडाच्या नात्यात बसवून टाकलं.

नातं खरंच आहे म्हणा. दोन्ही काटेरी, दोघींची पानं बारीक, दोघींना शेंगा. पण शमी इथली. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो आणि विदर्भ-मराठवाड्यात जिला सौंदड म्हणतात तीच ही, अरबस्तानापासून भारतापर्यंत पूर्वीपासून असलेली. कतारमध्ये ती आता फार थोड्या ठिकाणी उरली आहे. वेडी बाभूळ मात्र मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटं आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाची. आणि ती दोह्यात रस्त्याकडेला, मोकळ्या प्लॉटवर, जुन्या शेतवाड्यांच्या कुंपणाशी कुठेही दिसते.

कतारमध्ये वर्षाला सरासरी पाऊस पडतो ७५-८० मिलिमीटर. सोलापूरकर दुष्काळाच्या नावाने रडतात त्यांच्याकडे याच्या सात-आठ पट पडतो. १४ जुलै २०१० रोजी दोह्यात ५०.४ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. अशा ठिकाणी कॅरिबियन बेटांवरचं झाड हिरवंगार उभं आहे. मग तुम्ही म्हणाल, ते इथल्या हवामानाला सरावलं, झालं. मीही इथे आल्यावर लोकांच्या तोंडून हेच ऐकलं. पण "सरावलं" या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी लपल्या आहेत. एक, झाडाच्या अंगात ही ताकद मुळातच होती, तिला फक्त संधी मिळाली. दोन, इथे पिढ्यामागून पिढ्या रुजताना जे टिकलं तेच पुढे गेलं आणि झाड खरोखर बदललं. आणि एक तिसरी शक्यता आहे, ती जरा लाजिरवाणी. ती शेवटी सांगतो.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. कतारचं पर्यावरण मंत्रालय अलीकडच्या वर्षांत गुवैफ उपटायच्या मागे लागलं आहे. इथे वाळवंटात 'रौदा' नावाचे खोलगट भाग असतात. पावसाचं पाणी आणि गाळ तिथे साचतो, आणि या देशातलं जे काही नैसर्गिक हिरवं आहे त्यातलं बरंचसं त्या खळग्यांतच आहे. गुवैफ तिथे स्वतःच्या बळावर पसरू शकत असेल तर प्रश्न गंभीर आहे. नसेल तर तेच पैसे नि तीच माणसं गाफ आणि बोर जगवायला वापरता येतील. कुठली गोष्ट खरी हे ठरवायचं कशावरून? झाड बोलत नाही. त्याच्या जुन्या नोंदी बोलतात.

नोंद म्हणजे काय, तर मुळात एक कागद. झाडाची फांदी, पान, फूल दाबून वाळवायचं, जाड कागदावर चिकटवायचं आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावायची: काय, कुठे, कधी, कुणी. अशा कागदांच्या संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. अरबस्तानापुरती या प्रकाराची सुरुवात एका डॅनिश मोहिमेपासून धरतात. जानेवारी १७६१ मध्ये कोपनहेगनहून सहा जण निघाले. त्यात पेटर फोर्स्कोल हा लिनियसचा विद्यार्थी वनस्पती गोळा करायला होता. जुलै १७६३ मध्ये येमेनमधल्या यरीम गावी तो हिवतापाने गेला. वय ३१. उरलेले मुंबईला यायला निघाले, त्यातले दोघे जहाजावरच गेले, एक मुंबईत पोचून गेला. उरला एकटा कार्स्टन नीबूर. हा मोजणीदार माणूस. मुंबईत वर्षभराहून जास्त राहिला, घारापुरीच्या लेण्यांची चित्रं काढली आणि मस्कत-इराणच्या वाटेने परत गेला. त्यानेच १७७५ साली मित्राच्या टिपणांचं पुस्तक छापून काढलं. फोर्स्कोलचे कागद आजही कोपनहेगनला आहेत. कतारच्या अल थखीराच्या खाडीत जी तिवरं आहेत (तीच, आपल्या ठाण्याच्या खाडीतली) त्यांच्या शास्त्रीय नावापुढे आजही याच माणसाचं नाव संक्षेपाने लिहितात.

पुढचा मोठा टप्पा तर चक्क मुंबईचा आहे, आणि हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. फादर एथेलबर्ट ब्लॅटर नावाचे स्विस जेझुइट १९०३ साली सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवायला आले. त्यांनी आधी एडनची वनस्पतीसूची केली, मग हॅलबर्ग यांच्याबरोबर जोधपूर-जैसलमेरच्या वाळवंटाची, आणि त्यानंतर अख्ख्या अरबस्तानाची. 'फ्लोरा अराबिका' हा तो ग्रंथ भारतीय वनस्पती सर्वेक्षण खात्याने १९१९ ते १९३६ या काळात भागाभागांनी छापला. शेवटचा भाग निघाला तेव्हा ब्लॅटर हयात नव्हते, १९३४ सालीच गेले होते. म्हणजे अरबस्तानातल्या झाडांची मोजदाद मुंबईतल्या धोबीतलावला बसलेल्या पाद्र्याने केली. झेवियर्सच्या हर्बेरियमला आज त्यांचंच नाव आहे.

इंजिनिअर म्हणून आणखी एक नाव घेतल्याशिवाय मला राहवत नाही. थिओडोर कुक. हा आयरिश माणूस १८६० साली बीबीसीआय रेल्वेत इंजिनिअर म्हणून आला, वसईच्या खाडीवरचा लोखंडी पूल बांधला, मग पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा प्रिन्सिपॉल झाला. आजचं सीओईपी ते हेच. आणि निवृत्त झाल्यावर त्याने काय केलं, तर १९०१ ते १९०८ मध्ये मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला, जो आजही महाराष्ट्रातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या टेबलावर असतो. पूल बांधणाऱ्याला झाडांचं वेड लागलं तर चालतं, हे मी घरी सांगायला जपून ठेवलंय.

या सगळ्या जुन्या पुस्तकांचा आणि कागदांचा उपयोग कसा, तर ती पहिली मोजणी आहे. कुठलंही यंत्र बसवताना आम्ही आधी शून्य कुठे आहे ते बघतो. शून्य ठाऊक नसेल तर पुढचे आकडे कितीही बारीक असोत, निरर्थक. एखादं झाड अमुक साली अमुक ठिकाणी नव्हतं, हे कळायलाही कुणीतरी तिथे जाऊन जे होतं ते सगळं लिहून ठेवलेलं लागतं. भारताला तो शून्य बऱ्यापैकी मिळाला. कतारला फार उशिरा. इथल्या वनस्पतींवरचं काम मुख्यतः १९७०च्या दशकानंतरचं: लुत्फी बुलुस यांचा १९७८ मधला लेख, बतानूनी यांचं १९८१ मधलं पुस्तक, जॉन नॉर्टन आणि सहकाऱ्यांची २००९ मधली सचित्र सूची, इखलास अब्देल बारी यांचे २०१२ मधले खंड. तोवर तेल निर्यात सुरू होऊन (१९४९ची अखेर) तीन-चार दशकं उलटून गेली होती आणि बागा लावून झाल्या होत्या.

आता या झाडाचा प्रवास बघा. १८७६ साली मद्रास इलाख्यातले वनाधिकारी बेडम यांनी सरकारकडे या झाडाचं बी मागितलं आणि पुढच्या एक-दोन वर्षांत कडप्पा जिल्ह्यातल्या कमलापुरम् भागात ते लावलं गेलं. साधारण त्याच सुमारास सिंधमध्येही आलं. हेतू चांगला होता, जळण आणि वाळू थोपवणं. जोधपूरच्या दरबाराला ते इतकं आवडलं की १९४० साली त्याला 'शाही झाड' ठरवलं. १९६१ साली गुजरातच्या वनखात्याने कच्छच्या बन्नीत लावलं, रण पुढे सरकू नये म्हणून. बन्नीचं पुढे काय झालं ते तिथल्या मालधाऱ्यांना विचारा. गवताच्या जागी काटे आले. आखातात संयुक्त अमिरातींनी सत्तरच्या दशकात वाळवंट हिरवं करायला घेतलं त्यात हेही होतं. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी शहाण्या माणसाने विचार करून लावलेलं झाड आहे हे. वेडी ती नाही.

इथवर सरळ होतं. गुंता नावात आहे.

वेड्या बाभळीची मुळं ५३ मीटर खोल जातात, हे वाक्य तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. आपल्याकडे वर्तमानपत्रांत दर उन्हाळ्यात येतं. ही नोंद १९६३ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉनजवळच्या एका उघड्या खाणीत ती मुळं दिसली होती. पण त्या काळी ॲरिझोना-टेक्सासमधल्या सगळ्या जाती एकाच 'प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा' या नावाखाली टाकायची पद्धत होती. १९७६ साली बुर्कार्ट यांनी या कुळाचा सविस्तर अभ्यास छापला त्यात त्या वेगळ्या जाती धरल्या. आज बघितलं तर टूसॉनच्या परिसरातलं ते झाड बहुधा आपल्या वेड्या बाभळीची चुलत बहीण होतं. थंडीत गोठणाऱ्या प्रदेशातली ही बहीण, आणि आपली वेडी बाभूळ थंडीला कच्ची. आता कल्पना करा, कुणी जुन्या नोंदी नाव न तपासता संगणकात भरल्या तर संगणक काय म्हणेल? हे झाड बर्फही सोसतं आणि दोह्याचा उन्हाळाही, केवढी ही जुळवून घेण्याची शक्ती! प्रत्यक्षात दोन झाडांना एक नाव होतं, एवढंच.

भर म्हणून २०२२ साली संशोधकांनी जनुकं तपासून प्रोसोपिस हे कुळच मोडलं. वेडी बाभूळ झाली 'नेल्टुमा ज्युलिफ्लोरा'. प्रोसोपिस हे जुनं नाव राहिलं कुणाकडे, तर शमीकडे. म्हणजे वैज्ञानिक नात्याने गाफ आणि गुवैफ आता एका घरातले राहिले नाहीत. अरबांना हे कुणी सांगितलेलं दिसत नाही.

शेजारच्या बहारीनमध्ये वाळवंटात एकटं उभं असलेलं एक प्रसिद्ध झाड आहे. 'शजरत अल हयात', जीवनवृक्ष. चारशे वर्षांचं आहे म्हणतात, पर्यटक बस भरभरून येतात. बहुतेक ठिकाणी त्याला शमी म्हटलेलं आढळतं, काही लेखनात ते वेडी बाभूळ म्हणून नोंदलंय, आणि एका तपासणीचा निष्कर्ष चक्क बाभूळ असा सांगितला जातो. आता ते शमी असेल तर चारशे वर्षांत नवल नाही. वेडी बाभूळ असेल तर हे झाड आखातात पोचल्याचा इतिहासच पुन्हा लिहावा लागेल. एका झाडाची ओळख, आणि तीन वेगवेगळे इतिहास.

आता संगणकाकडे येऊ. २००१ साली कोपनहेगनमध्येच (हो, फोर्स्कोलच्याच गावी) जीबीआयएफ नावाची आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली. जगभरच्या हर्बेरियममधले कागद, संग्रहालयांतले नमुने आणि आता आयनॅचरलिस्टवर हौशी लोक टाकतात ते फोटो, या सगळ्यांच्या नोंदी तिथे एकत्र येतात. आज त्या अब्जावधी आहेत आणि कुणालाही फुकट मिळतात. यातून परक्या झाडांचा अभ्यास असा करतात: झाडाच्या मायदेशातल्या सगळ्या नोंदींच्या जागी तापमान किती, पाऊस किती ते बघायचं. त्यातून झाडाची सवयीची चौकट मिळते. मग परदेशातल्या नोंदींची तशीच चौकट काढायची आणि एकीवर दुसरी ठेवायची. बाहेर किती गेलं?

गंमत अशी की उत्तर विचारणाऱ्यावर अवलंबून निघालं. २०१२ साली पेतिपिएर आणि सहकाऱ्यांनी ५० आक्रमक वनस्पती तपासून सांगितलं, चौकट फारशी बदलत नाही. लक्षणीय प्रमाणात बाहेर गेलेल्या जेमतेम १५ टक्के. २०१८ साली ॲटवॉटर आणि सहकाऱ्यांनी ८१५ वनस्पती घेतल्या आणि सांगितलं, चौकट बदलणं ही तर सर्रास गोष्ट आहे. दोन्हीकडे माणसं तज्ज्ञ, नोंदींचा प्रकार सारखाच. फरक पडला तो कशाला बदल म्हणायचं आणि कुठली ठिकाणं तुलनेत घ्यायची यात. माझं मत विचाराल तर नुसत्या ठिकाणांच्या यादीतून याचा निकाल लागणारच नाही.

ठिकाणाच्या जोडीला तारीख घेतली की मात्र चित्र बदलतं. युरोपातून उत्तर अमेरिकेत गेलेली एक जांभळ्या फुलांची पाणवनस्पती आहे, लिथ्रम. कोलौटी आणि बॅरेट यांनी ठिकठिकाणचं बी आणून ऑन्टॅरिओपासून व्हर्जिनियापर्यंत तीन बागांत लावून बघितलं. २०१३ साली त्यांनी दाखवलं की उत्तरेकडची झाडं खरोखर बदलली आहेत. लवकर फुलतात, कारण तिकडे उन्हाळा आखूड. मग २०२२ मध्ये वू आणि कोलौटी यांनी ३,४२९ जुने हर्बेरियम कागद घेतले. कुठल्या तारखेला गोळा केलं आणि तेव्हा झाड कळीत होतं, फुलात की फळात, एवढ्यावरून दीडशे वर्षांत फुलण्याचा काळ कसा सरकला ते काढलं. खंडभर वेगवेगळ्या ठिकाणी तोच बदल पुन्हा पुन्हा घडला होता आणि पुढे थांबला होता. त्या कागदांवर तारखा लिहिणाऱ्यांपैकी कुणालाही याची कल्पना असणं शक्य नव्हतं.

वेड्या बाभळीचं असं करता येईल का? बागा लावून बघता येतील. कागद मात्र कतारमध्ये तेवढे जुने नाहीत. आणि इथे ती तिसरी, लाजिरवाणी शक्यता येते.

पाइप.

दोह्यात झाडांना पाणी पाइपने मिळतं. पिण्याचं पाणी समुद्राचं गोडं केलेलं, आणि रस्त्याकडेच्या झाडांना बहुतेक सांडपाणी शुद्ध करून दिलेलं. शिवाय गळती आणि बागांचं मुरलेलं पाणी यामुळे शहराखालची भूजलपातळी वर आली आहे. इमारतींचे पाये खोदताना पाणी उपसत बसावं लागतं, हे इथल्या कुठल्याही सिव्हिल इंजिनिअरला विचारा. तर अशा शहरात एखाद्याने गुवैफचा फोटो काढून टाकला. संगणकाने ठिकाणावरून पाऊस बघितला: ७५ मिलिमीटर. निष्कर्ष: झाड ७५ मिलिमीटरवर जगतं, मायदेशातल्या चौकटीच्या कितीतरी बाहेर! प्रत्यक्षात त्याचं मूळ दहा फुटांवरच्या गळक्या नळात आहे. ते कतारच्या हवामानात राहतच नाही. ते नगरपालिकेच्या हवामानात राहतं.

अमिरातीत अली अल-केबलावी आणि अल-रवाई यांनी पाणी मिळणाऱ्या आणि न मिळणाऱ्या जागांवरची ही झाडं वेगवेगळी अभ्यासली, ते मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. जीबीआयएफच्या नोंदीत झाड लावलेलं की आपोआप उगवलेलं हे लिहायला जागा असते, आयनॅचरलिस्टवरही 'लावलेलं' अशी खूण करता येते, पण बऱ्याच नोंदींत ते कोरंच असतं. आणि आपोआप उगवलेलं झाडही पाइपवर असू शकतं, त्याला तर रकानाच नाही. फोटो काढणारे आम्ही सगळे गाडीतून फिरणारे. म्हणून नोंदी रस्त्यालगत दाट आणि आतल्या रौद्यांत विरळ. मोजणीयंत्र फक्त एअर कंडिशनरसमोर लावून शहराचं तापमान सांगण्यासारखं आहे हे.

जुने लोक चिठ्ठीवर अर्धी ओळ जास्त लिहायचे. ओढ्याच्या काठी, रेताड जमीन, विहिरीजवळ. आज तीच अर्धी ओळ लाख मोलाची झाली आहे, कारण अक्षांश-रेखांश मोबाइल आपोआप टाकतो, विहीर टाकत नाही.

हे सगळं मी तुम्हाला तिकडे का सांगतोय? सोलापूर, धाराशिव, अहिल्यानगरकडच्या गायरानांत हीच वेडी बाभूळ आहे. शेळ्यामेंढ्या शेंगा खातात, लेंडीतून बी पुढच्या गावी जातं. कुणाचं कुरण जातं, कुणाची चूल आणि कोळशाची भट्टी तिच्यावर चालते, त्यामुळे काढा म्हणणारे आणि राहू द्या म्हणणारे दोघेही एकाच गावात भेटतात. ती स्वतःच्या बळावर माळावर चढते आहे, की कालव्याच्या पाझरावर आणि तलावाच्या गाळावर जगते आहे, हे गावागणिक वेगळं असणार. पाझरावर जगत असेल तर पाझराजवळची काढून काम भागेल. माळावर चढत असेल तर भागणार नाही. आणि आपल्याकडे तिच्या नोंदी आखातापेक्षा कितीतरी जुन्या असू शकतात, दीडशे वर्षांच्या घरात जाणाऱ्या. मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये, पुण्यात वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात आणि आघारकर संस्थेत जे कागद कपाटात आहेत, त्यातले या झाडाचे तारीखवार काढून बघायचं काम एखाद्या एमएस्सीच्या पोराला सहज पुरेल.

आणि कुणी फोटो टाकणार असेल तर खाली मराठीत लिहिलं तरी चालेल: लावलेली की उगवलेली, कळी आहे, फूल आहे की शेंग, आणि सगळ्यात जवळचं पाणी किती पावलांवर.